रविवारी रात्री मेस बंद असते: मंडळीत कॉलेजच्या मुलांचं काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या कमिटीच्या, मीटिंगमध्ये 'कॉलेजचे विद्यार्थी' हे खातं तुमच्या नावावर पडलं असेल, तर बहुधा त्या दिवशी तुम्ही गैरहजर होतात. माझंही तसंच झालं. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि 'बाईंना मुलांची सवय आहे' एवढ्या भांडवलावर पुण्यातल्या आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, हे काम माझ्या गळ्यात घातलं. त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्या दोन वर्षांत मी जवळजवळ सगळं चुकीचं केलं, म्हणून हा लेख.

नगर, राहुरी, संगमनेर, जालना, मिरज, वसई इथून दर जुलै-ऑगस्टमध्ये ख्रिस्ती मुलंमुली पुण्यात शिकायला येतात. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी नर्सिंगला, कुणी फार्मसीला, कुणी बी.ए.ला नाव घालून दिवसभर अभ्यासिकेत. आईने बॅगेत बायबल आणि चिवड्याचा डबा घातलेला असतो. चिवडा आठ दिवसांत संपतो आणि बायबल कपड्यांच्या तळाशी जातं. मुलांनी 'जीवनाचा उद्देश' शोधावा, त्यांची 'भरभराट' व्हावी असं आपल्याला मनापासून वाटतं. मग आपण एक शिबिर घेतो, बॅनर छापतो, बाहेरचा वक्ता बोलावतो. मीही घेतलं होतं. साठ मुलं आली, रडलीसुद्धा. पुढच्या रविवारी त्यातली चार दिसली, आणि त्यातली दोन आमच्याच मंडळीतली होती.

तेव्हापासून मी उलट्या बाजूने सुरुवात करते. आधी टेकायला जागा, मग हाताला काम. उद्देशाची गोष्ट मुलं आपणहून काढतात, पण बरीच उशिरा.

आधी एक वही घ्या

दोनशे पानी, पुठ्ठ्याची. मोबाईलमधला ग्रुप नंतर करा. ग्रुपमध्ये मुलं 'आमेन'चे हात जोडून मोकळी होतात.

जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दर रविवारी उपासना संपली की दाराशी उभं राहायचं. नवा चेहरा दिसला की नाव, गाव, गावची मंडळी, कॉलेज, वर्ष, राहण्याची जागा आणि फोन एवढंच लिहून घ्यायचं. मी त्यात एक रकाना वाढवला, तो सगळ्यात उपयोगी ठरला: 'मेस कधी बंद?' पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि रात्री बंद असतात. गावाकडून आलेल्या मुलाला पुण्यातला सगळ्यात एकटा वेळ कुठला, तर रविवारची रात्र. घरी फोन होऊन गेलेला असतो, रूममेट बाहेर गेलेला असतो आणि पोटात वडापाव असतो.

मूल कुठल्या पंथाचं आहे हे विचारायला हरकत नाही, पण ते वहीत ठळक लिहू नका. मेथडिस्ट, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, मुक्तिफौज, पेंटेकॉस्टल, सगळी येतील. कॅथलिक मुलगी मिस्साला जाऊन रात्री तुमच्याकडे जेवायला आली तर वाढा. तिला आपल्याकडे ओढायचं काम तुम्हाला कुणी दिलेलं नाही. मंडळीतलं कुणी दिलं असलंच, तर ते विसरा.

मग जेवायला बोलवा

मंडळीतली सात-आठ घरं निवडा. श्रीमंत घरं नकोत, ज्यांच्याकडे पाहुणा आल्यावर धांदल उडत नाही अशी घरं हवीत. एका घराला दोन मुलं, महिन्यातून दोन रविवार. आमटी-भात, एखादी भाजी, पापड. बिर्याणी करणारी घरं तीन महिन्यांत थकतात, हे मी पाहिलंय. मुलींना एकेकटं कुणाच्या घरी पाठवायचं नाही, जोडीनेच. आणि ज्या घरात त्या वेळी बाई नसेल तिथे नाहीच. हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका, म्हणजे पुढे कुणाला तो आपल्यावरच बोट आहे असं वाटत नाही.

जेवताना प्रार्थना होईलच. पण जेवण म्हणजे प्रवचनाचं तिकीट, असं मुलाला एकदा वाटलं की पुढच्या वेळी त्याची 'सबमिशन' निघते. मूल सोबत हिंदू किंवा मुसलमान रूममेटला घेऊन आलं तर त्यालाही तेच ताट आणि तेवढीच चौकशी. तो जेवायला आलाय. पुण्याला तर या बाबतीत फार आठवणी आहेत. पंचहौद मिशनमध्ये १८९० साली दिलेल्या चहावरून केवढं रणकंदन झालं! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्याची, म्हणजे जातीच्या बहिष्काराची, वेळ आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आपल्या चहावरून आता एवढं काही होणार नाही, पण चहामागे काही डाव आहे का, हे पाहणारी नजर अजून पुरती गेलेली नाही. डाव नसला की ती नजर आपोआप निवते.

'पुढे काय करणार?' हा प्रश्न वर्षभर बंद

हा प्रश्न त्यांना मामा, आत्या, पाळकसाहेब, एसटीतला शेजारी, सगळे विचारतात. उत्तर ठरलेलं असतं: 'बघू.' त्या 'बघू'च्या मागे बहुतेक वेळा भीती असते.

त्याऐवजी लहान प्रश्न विचारा. या आठवड्यात कुठल्या तासाला घड्याळाकडे लक्ष गेलं नाही? वर्गात कुणाशी बोलतोस? झोप किती वाजता लागते? घरी फोनवर कुठली गोष्ट सांगत नाहीस? शेवटचा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या भेटीआधी नको. आणि विचारून झालं की गप्प बसा. शिक्षकांना हे जड जातं. मी हाताला काहीतरी काम घेते, शेंगा सोलते किंवा मेथी निवडते. मुलंही जुडी ओढून घेतात आणि मेथी निवडता निवडता बोलतात. समोरासमोर खुर्च्या टाकून 'बोल' म्हटलं की एकही बोलत नाही.

कागद बघा. खरंच बघा.

या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथली आहे.

दुसऱ्या वर्षी नगर जिल्ह्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. शिष्यवृत्ती आली नाही, कॉलेज फी मागतंय, म्हणाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली, चहा दिला आणि 'प्रभू मार्ग काढील' म्हणून पाठवलं. अर्ज कुठे अडकलाय, एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. त्याने दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा अर्जच भरलेला नव्हता. एकदा मंजूर झाली की दर वर्षी आपोआप येते, असा त्याचा समज होता. तारीख उलटून गेली होती. डिसेंबरात तो गावी गेला तो परत आला नाही. आता एका शोरूममध्ये काम करतो, भेटला की पाया पडतो, आणि मला ते सहन होत नाही.

म्हणून आता ऑगस्टचे दोन शनिवार मी 'कागदांचे शनिवार' म्हणून ठेवते. मंडळीत कॉलेजच्या ऑफिसात, तहसीलमध्ये किंवा समाजकल्याण खात्यात नोकरी केलेला एक तरी माणूस असतो. त्याला धरून आणा. ज्ञान त्याच्याकडे असतं, आपल्याकडे फक्त टेबल आणि पंखा.

काय बघायचं? राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवरून भरायच्या असतात. अर्ज दर वर्षी भरायचा, पुढच्या वर्षी नूतनीकरण. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेला पैसाही येत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा आणि चालू मुदतीचा हवा. अर्ज भरला म्हणजे काम झालं, हा दुसरा गैरसमज. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, तिथून पुढे खात्याकडे जातो. म्हणून मुलाला 'भरलास का?' असं विचारू नका, 'कुणाच्या लॉगिनला आहे?' असं विचारा.

कुठली योजना लागू होईल हे घरच्या परिस्थितीवर आणि दाखल्यावर ठरतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची योजनाही त्याच पोर्टलवर आहे. एका मुलाला सगळं मिळत नाही, आणि नियम बदलत राहतात. त्या वर्षीचं पोर्टल उघडूनच बोला, मागच्या वर्षीच्या आठवणीवर नको.

जातीच्या दाखल्याचा विषय आपल्याकडे हळू आवाजात निघतो. तो मोठ्याने काढा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरलं जातं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजोबांच्या दाखल्यावर एक, वडिलांच्या दाखल्यावर दुसरं आणि मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरंच लिहिलेलं असतं. अठरा वर्षांच्या मुलाला हे पहिल्यांदा कॉलेजच्या खिडकीपाशी कळतं, रांगेत, मागे वीस मुलं उभी असताना. ते आधी आपल्या टेबलावर कळलेलं बरं. त्याला दोन गोष्टी सांगा: यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि खोटा कागद करून द्यायला कुणी तयार असला तरी करायचा नाही. दुसरी गोष्ट सांगायला सोपी आहे, निभवायला महाग आहे. फीचा खड्डा भरायला मंडळीत काही सोय नसेल तर ती गोष्ट नुसती सांगू नका. आम्ही नाताळच्या खर्चातून मांडवाचे पैसे कमी केले आणि एक लहानसा निधी केला. त्यावर दोन वर्षं कुरकुर झाली.

वैयक्तिक उसने पैसे मात्र देऊ नका. देणारा आणि घेणारा, दोघेही एकमेकांना चुकवायला लागतात आणि मुलाची रविवारची जागा जाते. द्यायचे तर निधीतून, नोंद करून.

'तू ख्रिश्चन? मग मराठी कशी काय?'

हा प्रश्न पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येकाला येतो. गायकवाड, साळवे, शिंदे अशा आडनावाच्या मुलाचं ख्रिस्ती असणं वर्गाला डिसेंबरपर्यंत कळत नाही. कळलं की म्हणतात, 'अरे, मग नाव कधी बदललं?' वसईच्या डाबरे किंवा लोपीसला विचारतात, 'गोव्याचा का तू?' मुलं हसून सोडून देतात. पण आत काहीतरी टोचत राहतं, आपण पाहुणे आहोत की घरचे.

यावर मी भाषण देत नाही, सहली काढते. एक सहल केडगावच्या मुक्ती मिशनची. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथे आश्रमातल्या बायकांनी छपाईचे खिळे जुळवून छापलं, हे ऐकल्यावर आमच्या कॉम्प्युटरच्या मुली कधी नव्हे त्या गप्प झाल्या. दुसरी सहल नगरची, जिथे १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं, जिथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याची कितीतरी वर्षं काढली. टिळकांची गोष्ट या वयाच्या मुलांना मी मुद्दाम सांगते. मास्तरकी, संपादकी, कविता, भटकंती, एका जागी न टिकणारा माणूस. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते चौतिशीत होते. एकोणिसाव्या वर्षी उद्देश सापडला नाही म्हणून घाबरलेल्या पोराला एवढं पुरतं. फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' हे मराठी काव्य १६१६ चं आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हेही ओघात येतं. चारशे वर्षांचं घर आहे म्हटल्यावर पाहुणेपण जरा उतरतं.

अभ्यासाला घ्यायचा शास्त्रभाग एकच सुचवते: दानीएलचा पहिला अध्याय. मुलं सिंहांचा अध्याय मागतात, तो शब्बाथ शाळेत झालेला असतो. पहिला अध्याय म्हणजे सरळ हॉस्टेलची गोष्ट आहे. चार मुलं परगावी नेली, परकी भाषा आणि विद्या शिकायला लावली, कोर्स तीन वर्षांचा, नावं बदलली आणि मेसचा प्रश्न उभा राहिला! आमच्याकडे एका मुलाने विचारलं, 'म्हणजे दानीएलने कोर्स नाकारला नाही, फक्त जेवण नाकारलं?' त्या एका प्रश्नावर दीड तास गेला. काय घ्यायचं, काय नाही, आणि नाही म्हणायचं ते अधिकाऱ्याशी कसं बोलून, दहा दिवसांची मुदत मागून. आणि चौघं एकत्र होते, ही बाब मुलींनी काढली.

यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन मुलांना तोंडपाठ असतं, तेच ते, देवाच्या मनातल्या हिताच्या योजनांचं. मोबाईलच्या कव्हरवरही असतं. मी त्यांना १० वं वचनही वाचायला लावते. त्यात सत्तर वर्षांची मुदत आहे. आणि त्याच्या आधी, घरं बांधा, मळे लावा, ज्या नगरात नेलंय त्याचं हित पाहा, असं धोपट काम सांगितलंय. हे वाचल्यावर एक-दोन मुलं नाराज होतात. होऊ दे.

पाचारण म्हणजे सेमिनरी नव्हे

आता तो मोठा विषय. मुलं एक-दीड वर्ष येत राहिली की कुणीतरी आपणहून विचारतं: 'बाई, देवाने मला कशासाठी पाचारण केलंय हे कसं कळतं?'

आपल्या मंडळ्यांत 'पाचारण' शब्दाचा अर्थ फार आखडला आहे. ज्याला पाचारण झालं तो पाळक व्हायला सेमिनरीत जातो आणि बाकीचे नोकरी करतात. शिवाय घरच्यांची एक ठरलेली यादी असते: मुलगी नर्स, मुलगा शिक्षक, नाहीतर पाळक. या यादीला मी हसत नाही. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, नगरच्या शाळा त्याहून जुन्या. ज्या काळात दुसरी दारं बंद होती त्या काळात याच दोन दारांतून आपल्या आजी-पणजी आत गेल्या. माझी आईही त्यातूनच गेली. पण आज फार्मसीतल्या मुलाला आपलं शिक्षण देवाच्या यादीत नाही असं वाटत असेल, तर ती चूक आपली आहे. पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता, हे मुलांना सांगा. तंबू गळका असता तर गिऱ्हाईकाने त्याचं पुढचं ऐकलं असतं का, हेही विचारा.

करायचं काय, तर दोन गोष्टी.

पहिली, तीन ओळींची वही. रोज रात्री तीनच ओळी: आज कशात वेळ कसा गेला कळलं नाही, आज कुणाच्या उपयोगी पडलो, आज कशाची चीड आली. सहा आठवडे. मग तुम्ही आणि ते मूल मिळून ती वही वाचा. पाथर्डीकडचा एक मेकॅनिकलचा मुलगा माझ्यासमोर वही घेऊन बसला होता. 'चीड' या ओळीत पाणी नऊ वेळा आलं होतं. हॉस्टेलची टाकी वाहतेय, कॉलेजचा नळ गळतोय, गावात टँकर आला नाही, आईला रात्री दोनला उठावं लागलं. त्याला स्वतःला हे लक्षात आलं नव्हतं. मी पेन्सिलीने नऊ गोल केले आणि वही त्याच्याकडे सरकवली. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, 'हे माझंच अक्षर आहे ना?' शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याने बदलला आणि गावच्या टाकीची पातळी सांगणारं स्वस्तातलं यंत्र केलं. फार भारी चाललं नाही, पावसाळ्यात बंद पडलं. पण आता तो कशाच्या मागे आहे हे त्याला माहीत आहे.

दुसरी, कामाच्या जागी भेट. मंडळीतल्या माणसांना व्याख्यानाला बोलावू नका, मुलांनाच त्यांच्याकडे न्या. रात्रपाळीची नर्स, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, कोर्टातला वकील, रिक्षावाला. परवानगी काढून, दोन-तीन मुलं, तासभर. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आमच्या मंडळीतले एक गृहस्थ तपासणीला आहेत. समोर ट्रेमध्ये पार्ट येतात, ते एकेक उचलून मायक्रोमीटरमध्ये धरतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, मधूनच एक लाल डब्यात. लाल डब्यात जास्त गेले की सुपरवायझर बोलतो. एका मुलीने विचारलं, 'अंकल, यात देवाचं काय?' त्यांनी हातातला पार्ट उजेडात धरून बघितला, लाल डब्यात टाकला आणि म्हणाले, 'हा ब्रेकमध्ये बसतो. ब्रेक लागला पाहिजे.' परत येताना बसमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

खुर्च्या उचलण्यापलीकडचं काम द्या

'तरुण म्हणजे मंडळीचं भविष्य' असं म्हणत आपण त्यांच्याकडून मांडव बांधून घेतो, खुर्च्या उचलून घेतो आणि नाताळात कॅरल म्हणवून घेतो. हे त्यांना कळतं. जबाबदारीचं काम द्या, ज्यात चुकलं तर खरंच काही बिघडेल: हिशेब तपासणं, वस्तीतल्या दहावीच्या मुलांचं गणित, आजारी वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेणं, साउंड सिस्टिम. आमच्याकडे पॉवरपॉइंटवर 'उपासना संगीता'तलं भलतंच कडवं आलं आणि अर्धी मंडळी एक, अर्धी दुसरं गात राहिली. एका ज्येष्ठांनी त्या मुलाला सर्वांसमोर झापलं. मला मुलापेक्षा त्या ज्येष्ठांना सांभाळायला जास्त वेळ लागला.

परीक्षेच्या दिवसांत मात्र कामातून सुट्टी. आणि स्पर्धा परीक्षा बहुतेकदा रविवारीच असतात, त्यावरून टोमणे मारू नका. पेपर सुटल्यावर चहाला बोलवा.

कॉलेजात विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती संघटनाही असतात: स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ पासून, युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स १९५४ पासून, कॅथलिक मुलांसाठी आयकफ. मूल तिथे रमलं तर आनंदाने जाऊ द्या. वहीतलं नाव खोडू नका, एवढंच.

जे प्रार्थनेवर ढकलायचं नाही

झोप उडालेली, जेवण तुटलेलं, अंघोळ बंद, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' अशी वाक्यं. हे दिसलं की त्याला विश्वासाची कमतरता म्हणू नका, दुसऱ्याला म्हणू देऊ नका. डॉक्टरकडे न्या, स्वतः सोबत जा, बाहेरच्या बाकावर बसा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मूल मरणाची भाषा बोललं तर 'कुणाला सांगू नका' हे वचन त्याला द्यायचं नाही. 'मी एकटी हे सांभाळू शकत नाही, पण तुला सोडून जाणार नाही' असं सरळ सांगायचं, आणि त्या रात्री त्याला एकटं ठेवायचं नाही.

नापास होणं, जातीबाहेरचं किंवा धर्माबाहेरचं प्रेम, 'देव आहे का हेच कळत नाही' असं म्हणणं, यातलं काहीही आणीबाणी नाही. ऐकून धक्का बसला तरी मेथी निवडत राहा. घरी कळवायचं की नाही हे मुलाला विचारून. शंका घेणाऱ्या मुलाला युक्तिवादाने हरवायला गेलात तर तुम्ही जिंकाल आणि ते रविवारी यायचं बंद होईल. माझं एकदा झालंय.

जाताना

शेवटच्या वर्षाची मुलं मे-जूनमध्ये विखुरतात. कुणाला बंगळुरूला नोकरी लागते, कुणी हैदराबादला जातं, कुणी परत गावी. गावी जाणाऱ्याची काळजी जास्त घ्या, कारण त्याला आपण हरलो असं वाटत असतं. प्रत्येकाच्या हातात एक पत्र द्या, जिथे चाललंय तिथल्या पाळकांच्या नावे. 'चांगला मुलगा आहे' एवढ्या मजकुराचा उपयोग नाही. काय करता येतं ते लिहा: साउंड बघतो, दहावीचं गणित शिकवतो, हिशेबाला पक्का, रात्री उशिरा झोपतो म्हणून सकाळच्या प्रार्थनासभेचं काम देऊ नये. तिथल्या एका घरी आधी तुम्ही फोन करा. हे फोन लावायला मला मे महिन्याच्या दोन दुपारी लागतात.

गेल्या वर्षी पाण्याच्या वहीवाला मुलगा हैदराबादला गेला. तिसऱ्या आठवड्यात रविवारी रात्री साडेआठला त्याचा फोन आला. कसा आहेस, काम कसं आहे, झालं. मग म्हणाला, 'बाई, इथेही रविवारी मेस बंद असते.' मी विचारलं, दिलेल्या घरी फोन केलास का? केला होता, ते लोक लग्नाला गेले होते. मी वही काढली, मागच्या पानावर सिकंदराबादचा दुसरा एक नंबर होता, तो सांगितला. तो लिहून घेत होता, मागे रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. मग म्हणाला, 'बाई, इथे माझ्याबरोबर अजून दोघं आहेत, नागपूरचे. त्यांनाही नेऊ का?'